दोन डोळ्यांमधले अंतर : घरातल्या दुर्बिणीचा नऊ वर्षांचा अनुभव

आमच्या घरात गेली नऊ वर्षे ८×४२ मापाची एक दुर्बीण आहे, आणि ती घेतल्यानंतर आठ महिन्यांनी आलेली ६×३० मापाची दुसरी, धाकटी दुर्बीणही आहे. हा अभिप्राय दोन्हींविषयी आहे. कंपनीचे नाव मी मुद्दाम लिहीत नाही. एक तर मोठ्या दुर्बिणीचे ते मॉडेल आता निघत नाही, आणि दुसरे असे की जे सांगायचे आहे ते नावापेक्षा मापाविषयी अधिक आहे. दुर्बीण विकत घेणारे बहुतेक जण वर्धन किती, भिंग केवढे, वजन किती हे विचारतात. ती ज्याच्या डोळ्यांना लावली जाणार आहे त्याच्या दोन बाहुल्यांमधले अंतर किती, हे मीही विचारले नव्हते, आणि त्याची किंमत एका सहा वर्षांच्या मुलीने मोजली.

आम्ही शेतकरी आहोत. घर वस्तीच्या बाहेर आहे, मागे गोठा, पुढे विहीर आणि विहिरीपासून ओढ्यापर्यंत गेलेला एक लांब बांध. आमची दोन्ही मुले दत्तक आहेत. ती सख्खी भावंडे असून एकाच दिवशी घरी आली, तेव्हा थोरली सहा वर्षांची होती आणि धाकटा तीन. धाकट्याने दुसऱ्याच दिवशी कोंबड्यांच्या मागे धावायला सुरुवात केली, पण थोरली मात्र बोलत नसे. उत्तर देई, तेही मान हलवून. मुले आल्यानंतर घरी विचारपूस करायला येणाऱ्या समाजसेविका बाईंनी आम्हाला एक साधी गोष्ट सांगितली होती, की तिला समोर बसवून बोलते करण्याचा प्रयत्न करू नका, तिच्या शेजारी बसा आणि दोघे मिळून तिसरीकडे कुठेतरी पाहा. ‘तिसरीकडे’ म्हणजे कुठे, हे त्या म्हणाल्या नाहीत. दुर्बीण घ्यायचे डोक्यात आले ते त्यामुळे.

पहिल्या संध्याकाळी आम्ही बांधावर बसलो. पलीकडे चरणाऱ्या गाईच्या पायाशी एक गायबगळा किडे टिपत चालला होता. मी दुर्बीण माझ्या डोळ्यांना लावून फोकस केला, पट्टा तिच्या गळ्यात घातला आणि दुर्बीण तिच्या हातात दिली. ती बराच वेळ पाहत राहिली आणि मग म्हणाली, “दोन दिसतात.” मी म्हणाले, “नीट धर, एकच आहे.” तिने पुन्हा डोळ्यांना लावली. “अजून दोन दिसतात.” मी तिचे हात थोडे वर केले, कोपर गुडघ्यावर टेकवायला सांगितले, फोकसचे चाक इकडे-तिकडे फिरवले. तिसऱ्यांदा ती काहीच बोलली नाही. दुर्बीण माझ्या मांडीवर ठेवली आणि उघड्या डोळ्यांनी बगळा पाहू लागली. चार आठवड्यांत तिने आपण होऊन जी दहा-बारा वाक्ये उच्चारली असतील त्यांतली ही दोन होती, आणि दोन्हींना मी ‘तुझे चुकते आहे’ असे उत्तर दिले होते.

पुढचे आठ महिने आम्ही असेच समजत राहिलो की तिला अजून सवय नाही. मग एका पावसाळी दुपारी, गोठ्यातली कामे आटोपून बसले असताना, डब्यातली माहितीपुस्तिका प्रथमच शेवटपर्यंत वाचली. वजन, पाण्यापासूनचे संरक्षण, जवळचा फोकस यांच्या खाली एका ओळीत लिहिले होते : बाहुल्यांमधील अंतर, ५७ ते ७४ मिलिमीटर. म्हणजे दुर्बीण मधल्या बिजागरीवर पूर्ण मिटवली तरी दोन नेत्रभिंगांची केंद्रे ५७ मिलिमीटरपेक्षा जवळ येत नाहीत. मोठ्या माणसांत हे अंतर सरासरी ६३ मिलिमीटरच्या आसपास असते, त्यामुळे बनवणाऱ्यांचे काही चुकत नाही. मी पट्टी घेऊन थोरलीला खिडकीतून लांबच्या झाडाकडे पाहायला सांगितले आणि एका बाहुलीच्या मध्यापासून दुसरीच्या मध्यापर्यंत मोजले, तर ५१ भरले. तिचे दोन्ही डोळे एकाच वेळी दोन नळ्यांच्या मध्यावर येणेच शक्य नव्हते, आणि म्हणून तिला दोन वेगवेगळी चित्रे दिसत होती. मी तिला म्हणाले, “तुझं बरोबर होतं गं. दुर्बीणच मोठी आहे.” ती पट्टीकडे पाहत म्हणाली, “मी सांगितलं होतं.”

तेव्हा पहिली शिफारस हीच की घरात लहान मूल असेल तर दुकानात जाण्याआधी पट्टी हातात घ्या. शाळकरी मुलांसाठी किमान अंतर ५० मिलिमीटर किंवा त्याहून कमी असलेली दुर्बीण लागते, आणि हा आकडा खोक्यावर क्वचितच छापलेला असतो, पुस्तिकेत किंवा तपशिलांच्या तक्त्यात शोधावा लागतो. ‘मुलांची दुर्बीण’ म्हणून रंगीत प्लास्टिकची जी वस्तू मिळते तिच्या नादी लागू नये. आम्ही आधी तीही आणून पाहिली. तिच्यातून बगळा एकच दिसत होता खरा, पण तो बगळा आहे हे मनाशी ठरवावे लागत होते.

धाकटी ६×३० दुर्बीण जुन्या घाटाची, म्हणजे खांदे पुढे काढलेली आहे. या घाटात पोरो लोलक, म्हणजे आतला प्रकाश वळवून चित्र सुलटे करणारे काचेचे तुकडे, असतात. इग्नात्सिओ पोरो या इटालियन संशोधकाने १८५४ साली या रचनेचे पेटंट घेतले आणि १८९४ मध्ये जर्मन भौतिकशास्त्रज्ञ एर्न्स्ट आबे यांच्या कामाच्या आधारे झाइस कंपनीने अशा लोलकांची दुर्बीण बाजारात आणली. रचना जुनी असली तरी तिचा एक फायदा आजही आहे. पुढची भिंगे एकमेकांपासून डोळ्यांपेक्षा जास्त अंतरावर असल्यामुळे जवळच्या गोष्टींना खोली येते, म्हणजे झुडपातली पुढची फांदी पुढे आणि मागची मागे, अशी सुटी दिसते. शिवाय सरळ नळीच्या दुर्बिणीत लोलकांवर जे खास लेप द्यावे लागतात ते हिला लागत नाहीत, म्हणून कमी खर्चात चित्र चांगले मिळते. वर्धन सहापटच असल्याने हात हलला तरी चित्र फारसे थरथरत नाही. थोरलीच्या हातात ती आली तेव्हा तिने बगळा पाहिला, दुर्बीण खाली केली, पुन्हा वर केली, आणि काहीही न बोलता ती दिवसभर गळ्यात घालून हिंडली. धाकट्याचे माप तेव्हा त्याहूनही कमी होते. तो पुढची दोन-अडीच वर्षे एकच डोळा नळीला लावून, दुसरा तळहाताने झाकून पाहत असे आणि त्यातच त्याला कप्तान झाल्याचा आनंद मिळत असे.

आता मोठ्या दुर्बिणीविषयी, कारण घरात सर्वांत जास्त वापर तिचाच होतो. ८×४२ मधला आठ हा आकडा वर्धनाचा आणि बेचाळीस हा पुढच्या भिंगाच्या मिलिमीटरमधल्या व्यासाचा. दुसऱ्याला पहिल्याने भागले की ५.२५ येतात. नेत्रभिंगातून बाहेर पडणाऱ्या प्रकाशाच्या चकतीचा हा व्यास असतो, आणि दुर्बीण हातभर लांब धरून उजेडाकडे केली तर ही चकती नुसत्या डोळ्यांनीही दिसते. ती स्वच्छ गोल दिसली पाहिजे. कडा कापल्यासारख्या, चौकोनी, करड्या दिसल्या तर आतल्या लोलकांच्या काचेत काटकसर केलेली आहे असे समजावे. भर उन्हात आपली बाहुली दोन-तीन मिलिमीटरच उघडी असते, तेव्हा एवढा प्रकाश वायाच जातो. पण आम्हाला रिकामा वेळ मिळतो तो दिवे लागायच्या वेळी, धारा काढून झाल्यावर. त्या अंधुक उजेडात बाहुली मोठी झालेली असते आणि पाच मिलिमीटरची चकती तिला पुरून उरते. खिशात मावणाऱ्या ८×२५ दुर्बिणीतून जिथे झाडाचा नुसता काळा गोळा दिसतो, तिथे हिच्यातून त्या गोळ्यातले पिंगळ्याचे डोके वेगळे काढता येते. जास्त वर्धन म्हणजे जास्त चांगले, हा समज मलाही होता. शेजारच्या मळ्यातल्या भाऊंकडे १०×४२ आहे. तिच्यातून पक्षी मोठा दिसतो हे खरे, पण आधी सापडला पाहिजे, आणि सापडल्यावर हाताच्या कंपाने तो नाचतही राहतो. आमच्या दुर्बिणीतून हजार मीटरवरचा सुमारे १३० मीटर रुंदीचा पट्टा एका दमात दिसतो. “कुठे?” या प्रश्नाचे उत्तर “विहिरीच्या काठावरच्या वाकड्या फांदीवर” एवढ्यात संपते.

त्या वाकड्या फांदीवर खंड्या बसतो. मासा पकडून आणला की गिळण्याआधी तो फांदीवर आपटतो, हे मी त्या विहिरीवर सतरा वर्षे पाणी भरूनही पाहिले नव्हते. एकदा त्याचे गळून पडलेले निळे पीस थोरलीला काठावर सापडले. समोरून पाहिले की झगझगीत निळे, आणि उजेडाच्या आड धरले की तपकिरी. निळा असा रंगच त्या पिसात नसतो. पिसाच्या अतिसूक्ष्म रचनेमुळे प्रकाश विखुरतो आणि निळा तेवढा आपल्याकडे परततो. हे मी नंतर वाचून तिला सांगितले, पण पीस उलटसुलट करून पाहण्याचे तिला आधी सुचले होते. ते पीस अजून तिच्या वहीत आहे.

वहीबद्दल सांगायला हवे. दुर्बिणीबरोबर आलेल्या कोणत्याही गोष्टीपेक्षा ती आम्हाला जास्त उपयोगी पडली. थोरलीने धाकटी दुर्बीण मिळाल्यावर ती सुरू केली आणि आज तिच्यात ८३ नोंदी आहेत, पक्षी, फुलपाखरे आणि एक मुंगूस धरून. पहिली नोंद मात्र त्याआधीच्या आठवणीची आहे : ‘बगळे २ (खरा १)’. लोक आम्हाला म्हणतात की मुलांचे नशीब थोर, चांगले घर मिळाले. चांगल्या मनानेच म्हणतात, पण हा जमाखर्च कोणी मांडला आहे ते मला कळत नाही. लग्न होऊन या घरात आल्यापासून ती दोघे येईपर्यंत माझ्या लेखी पक्ष्यांच्या तीन जाती होत्या, पांढरे, काळे आणि पीक खाणारे. आज पहाटे गोठ्याकडे जाताना कोण ओरडते आहे हे मला न पाहता कळते, आणि जे कळते त्यातले एक अक्षरही मी मुलांना शिकवलेले नाही. माझे घेणे कमी आणि देणे जास्त आहे, एवढेच मी त्या लोकांना सांगू शकते, पण बहुतेक वेळा तेही सांगत नाही.

या दुर्बिणीचा जवळचा फोकस दोन मीटर आहे. तपशिलांच्या तक्त्यात हा आकडा बारीक अक्षरांत असतो, पण खेड्यातल्या घरात तो फार मोठा ठरतो, कारण आपल्याकडे पाहण्यासारखे जे असते ते पुष्कळदा दहा पावलांच्या आतच असते. गोठ्याच्या तुळईला भिंगरीच्या जोडीने घरटे बांधले, ते गवताच्या पेंढीवर बसून आम्ही पहिल्या चिखलाच्या गोळीपासून पाहिले. चोचीतून एकेक गोळी आणून ती भिंत रचतात, अशा शेकडो गोळ्या लागतात, आणि मधूनमधून थांबून ओली ओळ सुकू देतात. पिल्ले झाल्यावर नर आणि मादी दोघेही किडे भरवतात. धाकट्याने फेऱ्या मोजायचे ठरवले आणि चाळीसच्या पुढे कंटाळून सोडून दिले. गाई रवंथ करीत होत्या, बाहेर पाऊस लागला होता, आणि आम्ही तिघे पाऊण तास काही बोललो नव्हतो. त्या गप्प बसण्याची आणि नऊ वर्षांपूर्वीच्या गप्प बसण्याची जात वेगळी होती.

याच काळात आमच्याकडे आलेल्या एका नातेवाईकांनी झाडावरची कोकिळा ऐकून, मुलांच्या देखत, कावळ्याच्या घरट्यात वाढणाऱ्या तिच्या पिल्लाचा विषय काढला आणि आमच्याकडे पाहून हसले. मी काही बोलण्याआधी थोरली, ती तेव्हा नऊ वर्षांची होती, आत जाऊन वही घेऊन आली आणि पान उघडून म्हणाली, “काका, कावळ्याला माहीत नसतं. आईबाबांना माहीत होतं. त्यांनी फॉर्म भरला होता.” पक्षिशास्त्राच्या दृष्टीने या उत्तरात मला आजही काही कमी-जास्त करता येत नाही.

रात्रीच्या उपयोगाची मी खरेदीच्या वेळी कल्पना केली नव्हती. वस्तीपासून लांब राहण्याचा फायदा म्हणजे अंधार. कृत्तिकेच्या पुंजक्यात डोळ्यांना सहा-सात तारे दिसतात, तर दुर्बिणीतून कित्येक डझन. चंद्र पौर्णिमेला पाहू नये, तेव्हा सगळे सपाट आणि डोळे दिपवणारे असते. अष्टमीच्या आसपास उजेड आणि अंधार यांच्या सीमेवर विवरांच्या सावल्या लांब पडतात, तेव्हा पाहावे. गुरूचे चंद्र गॅलिलिओने जानेवारी १६१० मध्ये सुमारे वीसपट वर्धनाच्या दुर्बिणीतून पाहिले होते, आठपटीतूनही ते ठिपक्यांसारखे दिसतात, मात्र हात स्थिर हवा. आम्ही बैलगाडीच्या साटीवर कोपर टेकवतो. धाकट्याने लागोपाठ सहा रात्री ठिपक्यांच्या जागा काढून ठेवल्या. एका रात्री चारऐवजी तीनच दिसले, तेव्हा त्याला झालेली काळजी चौथा दुसऱ्या दिवशी परत आल्यावरच मिटली. दिवसा मात्र एक नियम कडक आहे : सूर्याकडे दुर्बीण वळवायची नाही, मावळताना लाल झालेल्या सूर्याकडेही नाही. डोळा कायमचा जाऊ शकतो.

देखभालीचे थोडक्यात सांगते. मळणीच्या दिवसांतली धूळ भिंगावर बसली की ती पदराने किंवा सदऱ्याच्या टोकाने पुसायची नाही. आधी फुंकणीने उडवायची, मग मऊ ब्रश, आणि शेवटी भिंगाचे खास फडके. पावसाळ्यात दमटपणाने भिंगाला बुरशी धरते, म्हणून घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकून ठेवावी. मूळचा गळ्यातला पट्टा काढून टाका. सातशे ग्रॅम वजन मानेवर तासभर जाणवत नाही, दुसऱ्या दिवशी जाणवते. पाठीवर फुली घेणारा पट्टा लावला की भार खांद्यांवर जातो आणि वाकल्यावर दुर्बीण पुढे झुलत नाही.

आता तक्रार. चार वर्षांपूर्वी मोठी दुर्बीण माझ्याच हातून निसटली, गोठ्याच्या दगडी हौदाच्या कडेवर आपटली आणि पाण्यात पडली. पाण्याने काही झाले नाही. आत नायट्रोजन भरून सांधे बंद केलेले असतात आणि त्या बाबतीत कंपनीने शब्द पाळला आहे. पुसून मी डोळ्यांना लावली, मला ठीक वाटली. थोरलीने लावली आणि म्हणाली, “दोन दिसतात.” या वेळी मी तिला नीट धरायला सांगितले नाही, दुर्बीण डब्यात घातली आणि दुरुस्तीला पाठवली. आपटल्यामुळे लोलक जागचा हलला की दोन नळ्यांच्या रेषा समांतर राहत नाहीत. फरक थोडा असला तर मोठ्या माणसाचा मेंदू ओढून-ताणून दोन्ही चित्रे जुळवून घेतो आणि अर्ध्या तासाने डोके दुखू लागते, तरी कारण लक्षात येत नाही. दुरुस्ती केंद्राने सात आठवडे दुर्बीण ठेवून घेतली आणि ‘दोष आढळला नाही’ अशी चिठ्ठी लावून परत पाठवली. फोनवर विचारले तेव्हा उत्तर मिळाले की वापरणाऱ्याच्या डोळ्यांना सवय नसेल. हे वाक्य मी पूर्वी स्वतः बोललेले असल्यामुळे मला त्याचा राग जरा जास्तच आला. मी पुन्हा पाठवली, सोबत रात्रीच्या तपासणीचे वर्णन लिहिले : एक ठळक तारा घ्यावा, एका नळीचा फोकस मुद्दाम बिघडवावा, आणि पसरलेल्या तबकडीच्या मध्यावर दुसऱ्या नळीतला बिंदू येतो का ते पाहावे. आमच्याकडे तो तबकडीच्या बाहेर जात होता. दुसऱ्या खेपेला लोलक जुळवून आला. म्हणून दुर्बिणीला चांगले गुण देते आणि तिच्या मागे उभ्या असलेल्या सेवेला काठावरचे.

ज्यांना प्रवासात खिशात टाकायला काही हवे आहे त्यांनी ही घेऊ नये, आणि ज्यांना फक्त तलावाच्या पलीकडच्या काठावरची बदके ओळखायची आहेत त्यांनी तिवईवरची मोठी दुर्बीण पाहावी. चष्मा लावणाऱ्यांनी नेत्रभिंगापासून डोळा किमान १५ मिलिमीटर दूर ठेवूनही पूर्ण चित्र दिसते का, हे चष्म्यासह तपासूनच घ्यावी. आमच्या घरच्यांना त्या बाबतीत अडचण आली नाही.

शेवटी एक वापराची युक्ती. एका दुर्बिणीवर चार माणसे असली की प्रत्येक वेळी बिजागरी उघडमिट करण्यात पक्षी उडून जातो. बिजागरीवर मिलिमीटरचे आकडे कोरलेले असतात, तिथे मी प्रत्येकाच्या मापाला नखपॉलिशचा ठिपका दिला आहे : यांचा पांढरा ६६ वर, माझा लाल ६१ वर. थोरलीचा हिरवा ती अकरा वर्षांची झाली तेव्हा प्रथम ५७ वर, अगदी टोकाला लागला, आणि दर वर्षी थोडा थोडा पुढे सरकत गेला. धाकट्याचा पिवळा ठिपका यंदा ५८ वर आहे. परवा ती दुर्बीण घेऊन बांधावर निघाली तेव्हा तिने नखाने खरवडून आपला हिरवा ठिपका काढून टाकला. का काढलास, असे विचारले, तर चालता चालताच म्हणाली, “लागत नाही गं आता. तुझ्या खुणेवर मला एकच दिसतं.”